कमी पैशात, भरपूर चाललेली सेकंडहँड पिकअप घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजीपाला, मंडपाचं सामान, पाण्याचे जार, हार्डवेअरचा माल, पोल्ट्रीचं खाद्य. धंदा कुठलाही असो, नवी गाडी हप्त्यावर घ्यायची हिंमत नसते तेव्हा नजर जुन्या पिकअपकडे वळते. ज्यांचं बजेट तुटपुंजं आहे आणि ज्यांना दोन लाख किलोमीटरच्या पुढे चाललेल्या गाड्याच परवडणार आहेत, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

अडीच-तीन लाख किलोमीटर चाललेली पिकअप घेण्यात शहाणपणा आहे का?

काम बघून ठरवा. गाव ते तालुक्याची बाजार समिती अशा फेऱ्या असतील, गाडी दोन दिवस गॅरेजला पडली तरी धंदा बुडणार नसेल, तर अशी गाडी परवडते. रोज रात्री नारायणगावला टोमॅटो भरून पहाटे वाशीच्या मार्केटला पोहोचायचंच असेल तर परवडत नाही. गाडी एकदा माळशेज घाटात उभी राहिली की त्या दिवसाचा माल जातो आणि व्यापारीही तुटतो.

नुसत्या किलोमीटरच्या आकड्याला घाबरू नका. वेळच्या वेळी ऑइल आणि फिल्टर बदललेलं पिकअपचं डिझेल इंजिन तीन लाखांपर्यंत न उघडता जाऊ शकतं. ऑइलची हेळसांड झालेलं लाखातच हात टेकतं. माझ्या हिशोबात किलोमीटर तिसऱ्या नंबरवर येतात. पहिलं, गाडीने काय आणि किती वजन वाहिलं. दुसरं, कागद स्वच्छ आहेत का.

छोटा हत्ती, दोस्त की बोलेरो पिकअप?

वजन ठरवा, गाडी आपोआप ठरते. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनवर जगला आणि शहरातल्या गल्लीबोळांसाठी आजही तोच सोयीचा. पण त्याच्यात पाऊण टनाच्या आसपास माल भरायचा असतो. दीड टन भरून दिवेघाट चढवलेला जुना हत्ती घेणं म्हणजे इंजिनकामाची ऑर्डर देणं.

अशोक लेलँडची दोस्त २०११ मध्ये आली. तीन सिलिंडरचं दीड लिटर टर्बो डिझेल आणि सव्वा टनाची क्षमता. बोलेरो पिकअपला अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. खेड्यापाड्यातल्या रस्त्यांसाठी आणि घाटासाठी ती घेतली जाते, म्हणून तिचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि म्हणूनच ती जुनी झाली तरी स्वस्त होत नाही.

एक साधी कसोटी सांगतो. तुमच्या गावापासून वीस किलोमीटरच्या आत ज्या गाडीची क्लच प्लेट दुपारी बिघडली तर संध्याकाळी मिळते, ती गाडी घ्या. कमी खपलेलं एखादं मॉडेल बाजारात लाखभराने स्वस्त दिसतं. ते का स्वस्त आहे हे पहिला पार्ट शोधताना कळतं.

गाडी आधी काय वाहत होती, हे विचारून खरंच काय कळतं?

सगळ्यात जास्त त्यातूनच कळतं, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच विचारत नाही.

मासळीची गाडी असेल तर शक्यतो नकोच. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांवरून मासळी नेणाऱ्या गाडीत बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून खाली झिरपत राहतं. वरून पत्रा नवीन, रंग ताजा, आणि खाली चेसीचे पापुद्रे सुटलेले. अशी गाडी बघायला छोटी हातोडी घेऊन जा. गाडीखाली शिरून चेसीवर ठिकठिकाणी हलकेच ठोका. चांगलं पोलाद खणखणीत वाजतं. जिथे आवाज बद्द येतो आणि गंजाचा भुगा हातावर पडतो, तिथे थांबा आणि मालकाला नमस्कार करून घरी या. चेसीला रंग मारता येतो, कुजलेली चेसी परत उभी करता येत नाही. समुद्राकाठी नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीलाही गंज चढतो, पण तो इतका खोल नसतो.

जिवंत कोंबड्या वाहणाऱ्या गाडीचा हौदा विष्ठेने खाल्लेला असतो. मात्र तिथे वजन बेताचं असल्यामुळे इंजिन आणि पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बऱ्याचदा ठीक निघतात. हौदा नव्याने करायचा खर्च किमतीतून वजा करून ती घेता येते.

वाळू, खडी, विटा वाहिलेली गाडी ओळखायची सोपी खूण म्हणजे मागचे पाटे. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. एखादा पाटा वरून वाढवलेला दिसला तर गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरली जात होती याचा दुसरा पुरावा लागत नाही. मालक तोंडाने कितीही म्हणाला की "आपण कधी ओव्हरलोड भरलंच नाही," पाटे खोटं बोलत नाहीत. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड, शिवाय जादा टनामागे २ हजार, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे आहेत. तरी भरणारे भरतातच.

दुधाच्या गाडीचं वजन ठराविक असतं, रस्ता ठराविक असतो, पण दर अर्ध्या किलोमीटरला थांबा. तिथे क्लच, स्टार्टर आणि ब्रेक आधी बघायचे. पाण्याची टाकी बसवलेल्या गाडीत पाणी डचमळत असतं, त्याचा हिसका हौद्याच्या बोल्टांवर आणि चेसीवरच्या ब्रॅकेटवर बसतो; तिथे तडे शोधा. मंडपवाल्याची गाडी वर्षाचे काही महिने नुसती उभी असते, त्यामुळे किलोमीटर कमी आणि रबराचे पाइप, बॅटरी, टायर वाळलेले.

यादीत सगळ्यात वर मी पार्सल-कुरिअरची गाडी ठेवतो. मीटरवर साडेतीन लाख असतील, पण ते हायवेचे, एका चालीचे आणि हलक्या वजनाचे असतात. लोक आकडा बघून मागे सरतात, त्यामुळे भावही खाली येतो.

मालक सांगेल ते ऐकून घ्या, मग हौद्याचे कोपरे एका खिळ्याने खरवडा. कांद्याची टरफलं, सिमेंटचा थर, माशांचे खवले, जे असेल ते बाहेर येतं.

मीटरचा आकडा खरा आहे का, हे कसं ओळखायचं?

मीटर मागे घेणं हे काही तासांचं काम आहे, त्यामुळे आकड्याला पुरावा मानू नका. आठ वर्षं भाड्याने चाललेली पिकअप आणि मीटरवर ७८ हजार, हे गणित बसत नाही.

पायाकडे बघा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर कमी दाखवतंय, तर मीटर खोटं. रबर कोरं करकरीत नवीन असेल तरीही शंका घ्या. गिअरच्या दांड्याची मूठ, ड्रायव्हरच्या बाजूची दाराची कडा, सीटचा खचलेला डावा-उजवा भाग, सीटबेल्टची चिरमुटलेली कड हे सगळं बोलतं. गाडी काही वर्षं तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेली असेल तर चेसी नंबरवरून तिथली जुनी नोंद काढता येते आणि त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात. मालकाला सोबत घेऊन जा. तो टाळाटाळ करू लागला की उत्तर मिळालंच.

टायरच्या कडेवर चार आकडी नंबर असतो. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. त्यावरून टायरचं वय कळतं, आणि चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात किती आखडता होता तेही कळतं. मागचे टायर रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवलेले, आहेत का ते कडेच्या सांध्यावर बोट फिरवून बघा.

गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय काय तपासायचं?

आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही सकाळी लवकर येतोय, गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी झाकलं जातंय. थंड होईपर्यंत चहा घ्या किंवा दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिन एका-दोन हिसक्यांत सुरू झालं पाहिजे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, थंडीत तर हमखास येतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे संशय जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर नोजल, पंप, टर्बो किंवा नुसत्या तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येतो, त्यामुळे काळ्या धुराने लगेच घाबरू नका, त्यावरून भाव पाडा.

मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढा, उलटं करा आणि तसंच तोंडावर ठेवून द्या. किंचित थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडलं किंवा तिथून धुराचा झोत येत राहिला, तर कॉम्प्रेशन पिस्टनच्या खाली उतरतंय आणि इंजिन उघडायची वेळ जवळ आली आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा पिवळट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकणही उघडून बघा, पाण्यावर तेलाचा तवंग नको.

केबिनच्या मागे, हौद्याचं पुढचं टोक जिथे येतं तिथे चेसीवर नजर टाका. भार घेतलेल्या गाड्यांना तडा इथे किंवा पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ जातो. वेल्डिंग केलेलं असेल तर विचारा, कधी आणि का. चेसीचे दोन्ही बीम मागून एका डोळ्याने बघितले तर वाकलेली गाडी लक्षात येते.

जॅक लावून पुढचं चाक उचला. वर-खाली हलवल्यावर खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवं हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉड एंड. हे काही फार महागडे रोग नाहीत, पण यादीत लिहा.

चालवताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा आणि एकदम सोडा. गिअर उडून न्यूट्रलला येत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. गाडी उचलताना खालून 'टक्' आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेलाय. पन्नासच्या वेगाला मागून सतत घुमल्यासारखा आवाज येत राहिला तर डिफरन्शियल. क्लच बघायला हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट शाबूत, रेस वाढत राहिली आणि गाडी हलेना तर प्लेट संपली.

रिकामी पिकअप कुणीही पळवतं. जमलं तर पाच-सहाशे किलो वजन टाका आणि जवळच्या एखाद्या चढावर न्या. चढ संपल्यावर तापमानाचा काटा कुठे आहे ते बघा. उतारावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का तेही तिथेच समजतं. वजन टाकू देत नाही म्हणणारा मालक मला आवडत नाही.

दिवे, वायपर, हॉर्न? बघा, पण त्यावरून निर्णय घेऊ नका.

मेकॅनिक सोबत न्यावा का?

न्यावाच, आणि त्याला त्याचे पैसे द्या. फुकट आलेला मेकॅनिक चहावर निभावतो. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

"इंजिन नुकतंच बांधलंय," असं सांगतात. हे चांगलं की वाईट?

बिल असेल तर चांगलं. हाफ इंजिन केलं की फुल, बोअर केला का, क्रँक ग्राइंडिंग केली का, पिस्टन आणि बेअरिंग कुठल्या कंपनीचे, लेथवाल्याची पावती कुठे आहे, हे विचारा. ज्याने लाखाच्या घरात खर्च केला त्याच्याकडे निदान एक मळकट चिठ्ठी तरी असतेच.

आणि एक प्रश्न हमखास विचारा: एवढा खर्च केला तर मग लगेच विकताय का? या प्रश्नाला पटणारी उत्तरंही असतात. मुलगा नोकरीला लागला, ड्रायव्हर मिळत नाही, मोठी गाडी घ्यायची आहे. उत्तर पटलं तर अशी गाडी उलट फायद्यात पडते, कारण बांधलेल्या इंजिनाचे पूर्ण पैसे सेकंडहँड बाजारात कुणालाच मिळत नाहीत.

कागद कोणते बघायचे?

आरसी, पासिंग म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, आणि लागू असेल तिथे परमिट. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की यातलं बरंचसं घरबसल्या दिसतं: कितवा मालक, फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, बोजा (गाडीवरचं कर्ज) आहे का, गाडी ब्लॅकलिस्टला आहे का. गाडी बघायला जाण्याआधीच हे करा, डिझेल वाचेल.

चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. चेसी नंबर पोलादी बीमवर ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंग, किंवा एखादा आकडा इतरांपेक्षा वेगळ्या वळणाचा दिसला तर पुढे बोलूच नका. इंजिन बदललेलं असेल आणि नवा नंबर आरसीवर चढवलेला नसेल, तर नावावर करताना आणि पासिंगला दोन्हीकडे अडतं.

फिटनेसचं गणित असं: मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. म्हणजे आठ वर्षांवरची गाडी घेणार असाल तर दरवर्षीचा खर्च आणि एक बुडालेला दिवस धरूनच चला. पासिंग संपून वर्ष झालेली गाडी 'फक्त पासिंग बाकी आहे' म्हणून स्वस्तात मिळते. त्या 'फक्त'मध्ये उशिराचा दंड, थकलेला कर, रिफ्लेक्टर पट्ट्या, रंगकाम आणि ब्रेकचं काम असं सगळं असतं. आरटीओतून एकूण आकडा काढून घ्या आणि तो किमतीतून कापा. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे, तो भरलाय का बघा.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, हेही विचारा. नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

ई-चलनं वेगळी तपासा. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या संकेतस्थळावर गाडी नंबर टाकला की थकलेला दंड दिसतो. भाड्याच्या पिकअपवर पंचवीस-तीस हजारांचं चलन निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. व्यवहाराआधी मालकाने भरायचं, नाहीतर तेवढे पैसे हातात ठेवायचे.

आरसीवर बोजा दिसतोय. मालक म्हणतो कर्ज फिटलंय.

फिटलं असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ असतो. तो नसेल तर कर्ज फिटलेलं नाही असंच समजा. 'तुम्ही पैसे द्या, मी उद्या भरून टाकतो' यावर एक रुपया देऊ नका. कर्ज थोडंच उरलं असेल तर मालकाला घेऊन कंपनीत जा, तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा, पावती घ्या आणि उरलेली रक्कम एनओसी हातात आल्यावर द्या.

हप्ते थकल्यामुळे कंपनीने ओढून आणलेल्या गाड्या यार्डात मिळतात आणि स्वस्तही पडतात. पण तिथे ट्रायल बहुतेक वेळा मिळत नाही, गाडी महिनोन्महिने उन्हापावसात उभी असते आणि बॅटरी, स्टेपनी, टेप गायब असतात. कागद कुणाच्या सहीने होणार, कंपनीने फॉर्म ३६ करून आरसी स्वतःच्या नावावर घेतली आहे का, हे आधी लेखी घ्या. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याने यार्डाच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

दिल्लीकडची गाडी निम्म्या भावात मिळतेय. घ्यावी का?

दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून एनजीटीचे (राष्ट्रीय हरित लवाद) आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, म्हणून तिकडच्या जुन्या गाड्या एनओसी घेऊन बाहेर विकल्या जातात. गाडी चांगलीही असू शकते. पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला कर, नव्याने नोंदणी, एमएचचा नंबर, त्यात एजंटचा हात आणि दोन-तीन महिने गाडी दारात उभी, हा हिशोब घातला की निम्मा भाव पाऊण होतो. त्याउपर गाडीचा पूर्वेतिहास विचारायला कुणी ओळखीचं नसतं. शेजारच्या जिल्ह्यातली गाडी दहा टक्के महाग पडली तरी ती बरी.

नावावर न करता, नोटरी करून गाडी चालवली तर?

खूप जण चालवतात, आणि अपघात झाला की दोन्ही घरं गोत्यात येतात. गाडी विकली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे नावावर करून देण्याची घाई खरं तर विकणाऱ्याला असायला हवी. घेणाऱ्याचंही नुकसान आहेच: जुन्या मालकावर कोर्टाची वसुली आली, तो वारला किंवा घरात वाटण्या झाल्या, की तुमच्या नोटरीच्या कागदाला फारसं कुणी विचारत नाही. मालक वारलेला असेल तर फॉर्म ३१ ने आधी वारसाच्या नावावर गाडी यावी लागते, मग पुढे.

हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ऑनलाइन अर्जात मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामुळे तो गावाला जायच्या आत काम उरका. दलालाकडे जुन्या मालकाच्या सह्यांचा कोरा टीटीओ सेट, म्हणजे हस्तांतराच्या फॉर्मचा गठ्ठा, असतो. तारीख न टाकलेला, कधीकधी मधल्या दोन मालकांना वगळून आलेला. आरसीवर ज्याचं नाव आहे त्या माणसाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय इसारही देऊ नका.

विमाही १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून प्रीमियममध्ये थोडा फरक भरावा लागेल.

माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. पिकअप चालवता येईल?

येईल. एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीच्या, लायसन्सवर चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

परमिट लागतं का?

माल भरल्यानंतरचं एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, तीन हजार किलोच्या वर जात नसेल तर लागत नाही. आरसीवर आकडा असतो. एकाच नावाच्या पिकअपमध्ये कमी-जास्त क्षमतेची मॉडेलं असतात, त्यामुळे शेजाऱ्याला लागत नाही म्हणून तुम्हालाही लागणार नाही असं धरू नका.

घरच्या शेतासाठीच हवी आहे. पांढऱ्या पाटीची मिळेल का?

आपल्याकडच्या बहुतेक पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या, म्हणजे पिवळ्या पाटीच्या असतात. शेताला वापरा नाहीतर भाड्याला, पासिंग आणि कर तसाच. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टाटा झेनॉन एक्सटीसारख्या खाजगी नोंदणीच्या जुन्या गाड्या मिळतात, पण त्यांचे पार्ट आणि त्यांचा भाव बघता चार क्रेट डाळिंबांसाठी नाकापेक्षा मोती जड होतो.

जुनी बीएस-३, बीएस-४ की अलीकडची बीएस-६?

बीएस म्हणजे गाडीच्या धुराचं सरकारी मानक. देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून. बीएस-३ च्या काळातल्या बऱ्याच पिकअपना मेकॅनिकल पंप होता, तो तालुक्याचा पंपवालाही खोलून जुळवतो. बीएस-४ मध्ये कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणारी यंत्रणा, आली. चालायला छान, मायलेजला बरं, मात्र इंजेक्टर गेला तर खर्च अंगावर येतो आणि स्कॅनर असलेला मेकॅनिक लागतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गल्लीत, कमी वेगाने, सतत थांबत-चालत गाडी फिरली की तो तुंबतो. दोन लाख चाललेली आणि शहरातच वापरलेली बीएस-६ डिझेल घेताना डॅशबोर्डवरचा इंजिनच्या बिघाडाचा इशारा-दिवा स्विच ऑन केल्यावर पेटतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, दोन्ही बघा. मुळात पेटतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय.

कमी बजेटमध्ये माझी पसंती २०१७ नंतरच्या, राज्यातल्याच, एका हातातल्या बीएस-४ गाडीला.

सीएनजी पिकअप?

पंप जवळ असेल आणि रांगेत उभं राहायला वेळ असेल तर भाड्याच्या धंद्यात पैसे वाचतात. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. त्याची पाटी आणि दाखला बघा. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी.

भाव कसा ठरवायचा?

त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या पाच-सहा गाड्यांच्या जाहिराती बघा आणि मागितलेल्या भावातून दहा-पंधरा टक्के मनात वजा करा; व्यवहार साधारण तिथे होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे 'मी एवढ्याला घेतली होती' हा मालकाचा जुना आकडा आता फारसा कामाचा राहिला नाही. शोरूमचा आजचा भाव खिशात ठेवून बोलायला बसा.

आधी दोषांची यादी वाचून दाखवा, मग आकडा बोला. गाडीची नालस्ती करू नका. मालकाने त्या गाडीवर घर चालवलेलं असतं, त्याचा अहंकार दुखावला की तो पाच हजारांसाठीही हटून बसतो. 'टायर चार, क्लच एक, पासिंग बाकी' असं शांतपणे मांडलं की तोच खाली येतो.

ठरलेल्या किमतीच्या वर दुरुस्ती आणि कागदांसाठी पंधरा-वीस टक्के रक्कम हाताशी हवीच. ती नसेल तर थोडी स्वस्त गाडी बघा. जुन्या गाडीवर मिळणाऱ्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून नुसता हप्ता ऐकून होकार देऊ नका. एकूण किती फेडायचे ते लिहून मागा.

इसार थोडाच द्या, स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या आणि बाकी पैसे बँकेतून. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही टाका. त्या वेळेच्या आधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं, हा वाद तिथेच मिटतो.

गाडी दारात आली. आधी काय करू?

पूजा झाली की सरळ गॅरेज. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, सगळे फिल्टर, कुलंट आणि ब्रेक ऑइल बदला. मालकाने 'आत्ताच बदललंय' सांगितलं असलं तरी. चारही चाकांचे हब उघडून ग्रीसिंग करा, त्याच वेळी ब्रेक लायनर दिसतात. फॅन बेल्ट आणि रेडिएटरचे पाइप जुने वाटले तर थांबू नका. बदललेल्या प्रत्येक गोष्टीची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा आणि वही डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पहिला महिनाभर क्षमतेच्या निम्माच माल भरा, रोज सकाळी ऑइल आणि पाणी बघा आणि रात्री गाडी जिथे उभी करता तिथे खाली पुठ्ठा टाका. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठे पडलाय, यावरून पुढचं काम इंजिनचं, गिअरबॉक्सचं की मागच्या हौजिंगचं, म्हणजे डिफरन्शियलचं, ते कळेल.